व्यवसाय कराचे अडीच हजार कुठे जातात?

जून महिना संपत आला की कर सल्लागाराचा निरोप येतो : व्यवसाय कराचे चलन भरायचे आहे, 30 तारीख चुकवू नका. दुकानदार गल्ल्यातून अडीच हजार काढून देतो आणि वहीत खर्ची टाकतो. हा पैसा कशासाठी गोळा होतो, हे मात्र आपल्या बाजारपेठेत फारसे कोणी विचारीत नाही. विचारले पाहिजे, कारण हा कर एका ठरावीक कामासाठीच बसविला गेला.

1972 चा दुष्काळ जुन्या मंडळींना आठवत असेल. लाल मिलो आणि सुकडी त्यांनी खाल्लेली आहे. मे 1973 मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळपास 50 लाख माणसे राबत होती. दुष्काळ सरला तरी कोरडवाहू भागात काम मागणारे हात दरवर्षी असणारच होते. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातील विसापूर येथे एक प्रयोग आधीच करून पाहिला होता. त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली. तिचा कायदा 1977 चा, अंमल 26 जानेवारी 1979 पासून. मागेल त्याला काम हा हक्क झाला. हक्क द्यायचा तर पैशाची सोयही पक्की हवी, अंदाजपत्रकात उरले तर देऊ असे म्हणून भागत नाही. म्हणून 1975 साली व्यवसाय कर आला. सोबत विक्रीकर, मोटारी, बागायती जमीन यांवरही थोडा भार टाकला गेला आणि या करांतून जमेल तेवढीच भर सरकारने तिजोरीतून घालावी असे ठरले.

यात व्यापाऱ्याला काय मिळाले? आठवडी बाजार करणाऱ्या मणियाराला, अत्ताराला, चप्पल विकणाऱ्याला विचारा. मजुराच्या हाती पगार पडला तरच त्याच्या पथारीसमोर कोणी थांबते, नाहीतर उधारीची वही फुगते. 1990 पासून फळबाग लागवडीला याच योजनेची जोड मिळाली. सांगोल्यासारख्या दुष्काळी तालुक्यांत डाळिंब वाढले, त्यात या लागवडीचाही वाटा आहे. त्या डाळिंबाच्या लिलावात बोली लावणारे आपले बागवान बांधव ते रोज पाहतात.

तक्रारीही आहेत, आणि त्या खऱ्या आहेत. खोट्या हजेरीपटांची प्रकरणे झाली. जमलेली रक्कम वेळेवर निधीत जात नाही, गेली तर पडून राहते, असे आक्षेप अनेकदा घेतले गेले. पण गळक्या माठाची दुरुस्ती करायची असते, पाणी भरणे बंद करून तहान भागत नाही.

खरी अडचण कराच्या मर्यादेत आहे. घटनेच्या 276 व्या कलमाने व्यवसाय कराला वर्षाला 250 रुपयांची मर्यादा घातली होती, ती 1988 मध्ये 2,500 झाली आणि तिथेच थांबली. तेव्हापासून भाव कुठे गेले ते दुकानदाराला सांगायला नको. आजच्या दरांप्रमाणे महिना दहा हजारांहून थोडा जास्त पगार घेणारा कारखान्यातला कामगार वर्षाला 2,500 भरतो आणि महिना काही लाख घेणारा व्यवस्थापकही तेवढेच भरतो. पंधराव्या वित्त आयोगाने ही मर्यादा 18,000 करावी अशी शिफारस केली. मर्यादा वाढली तर लहान कारागिराचा दर आहे तिथेच ठेवून, किंवा कमीही करून, वरच्यांकडून जास्त घेता येईल.

"कर वाढवू नका" एवढेच निवेदन आपल्या संघटना दरवेळी देतात. ते अपुरे आहे. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, विक्रीकर आणि जकात गेली. त्यामुळे दर ठरविण्याचे राज्याचे स्वतःचे मार्ग थोडेच उरले : पेट्रोल-डिझेल, दारू, मुद्रांक, वाहने आणि हा व्यवसाय कर. पैसा कमी पडला की डिझेलवर हात जातो आणि टेम्पोच्या भाड्यातून तो आपल्याच मालावर चढतो.

गरज तर वाढणार आहे. 2005 च्या केंद्रीय कायद्याने महाराष्ट्राचीच कल्पना देशभर नेली. त्यात अकुशल मजुरीचा खर्च केंद्राकडे होता. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा केला. त्यात दिवस 100 चे 125 झाले, पण बहुतेक राज्यांना खर्चाचे 40 टक्के स्वतः उचलायचे आहेत. ते कुठून येणार, हे मुंबईत ठरेल.

तेव्हा यंदाचे चलन भरल्यावर पावती फायलीत लावून थांबू नका. व्यापारी संघटनेमार्फत आपल्या आमदारांना लेखी विचारा : गेल्या वर्षी व्यवसाय कर किती जमला, त्यातला रोजगार हमीच्या निधीत किती गेला आणि आपल्या तालुक्यात किती खर्च झाला? त्याच पत्रात उत्पन्नाप्रमाणे दर लावण्याची मागणीही लिहा.