कोची : पायी पाहण्याचे बंदर

एर्नाकुलम स्थानकावर उतरलेल्या प्रवाशाने तडक मोटार करून पुलावरून फोर्ट कोची गाठण्याचा मोह आवरावा आणि बोटीच्या धक्क्यावर जाऊन साध्या सरकारी बोटीने पलीकडे उतरावे. कारण १३४१ साली पेरियारला आलेल्या महापुराने मुझिरिसचे प्राचीन बंदर गाळात बुजून ज्या नगराच्या भाग्याचे मुख उघडले असे मानतात, त्याचे प्रथम दर्शन पाण्यावरूनच घडणे उचित होय.

शनिवार-रविवारी येणाऱ्याने एक क्रम अवश्य पाळावा. मट्टनचेरीतील यहुद्यांचे प्रार्थनामंदिर शनिवारी बंद असते, म्हणून शनिवार फोर्ट कोचीला आणि रविवार मट्टनचेरीला द्यावा. जून ते सप्टेंबर हा पावसाचा काळ टाळून डिसेंबर-जानेवारीत आल्यास पायी हिंडणे सुसह्य होते.

पहाटे किनाऱ्यावरील चिनी जाळ्यांपाशी निवांत उभे राहावे. दोरांना ओळीने बांधलेल्या जड दगडांच्या तोलावर ते अवाढव्य जाळे पाण्यात उतरते आणि चार-सहा माणसांनी एका लयीत दोर ओढताच ठिबकत वर येते. पुष्कळदा त्यात मूठभरच मासळी असते, तरी तेवढ्याच निष्ठेने ते पुन्हा खाली सोडले जाते. हा देखावा छायाचित्र टिपून उरकण्याचा नव्हे. जवळच सेंट फ्रान्सिसचे चर्च आहे. १५२४ साली कोचीतच मरण पावलेल्या वास्को द गामाला तेथे पुरले होते. अस्थी पुढे लिस्बनला नेल्या, थडग्याची शिळा तेवढी राहिली.

दुसऱ्या दिवशी बाजार रस्त्याने, सुंठ-मिऱ्यांच्या वखारींचा दरवळ घेत, मट्टनचेरीस चालत जावे. पोर्तुगीजांनी १५५५ च्या सुमारास बांधून कोचीच्या राजास नजर केलेला आणि डचांच्या अंमलात दुरुस्त झालेला राजवाडा बाहेरून सामान्य दिसतो. आतील रामायणाची भित्तिचित्रे मात्र घाईने पाहिल्यास व्यर्थ जातील. १५६८ च्या प्रार्थनामंदिरात निळ्या-पांढऱ्या चिनी फरशांवर अनवाणी चालावे लागते.

बहुतेक प्रवासी येथूनच परततात, ही मला मोठी उणीव वाटते. थोडे पुढे चेरलाई भागात तिरुमल देवस्वम् आहे आणि भोवती पोर्तुगीजांच्या जाचाला कंटाळून गोमंतक सोडलेल्या गौड सारस्वतांचे वंशज आजही कोकणी बोलतात. डच सुभेदार व्हान र्‍हीड याने मलबारच्या वनस्पतींवर सिद्ध केलेल्या बारा खंडांच्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या ग्रंथास इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याबरोबरच रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या तिघा कोकणी वैद्यांनी साह्य केले, आणि १६७५ मधील त्यांचे प्रमाणपत्र पहिल्या खंडात नागरी लिपीत छापले गेले. देवळातील पोशाखाची शिस्त आधी विचारून घ्यावी, दर्शनानंतर ओसरीवर घटकाभर टेकावे, आणि शेजारच्या वृद्धांशी मराठीतूनच सावकाश बोलून पाहावे.