दिनविशेषाचा फळा



पुष्कळ गावी देवळाच्या सभामंडपात एक फळा असतो. त्यावर रोजची तिथी, त्या दिवशीची जयंती, पुण्यतिथी, एखादी थोर घटना लिहिण्याची चाल आहे. काम लहान दिसते खरे. पण फळा वाचणारा पोर तोच आकडा जन्मभर पाठ म्हणतो. म्हणून हे काम कसे करावे, याचा या पाठात विचार करू.

आधी माझीच चूक सांगतो. एके वर्षी तुकाराम बीजेला मी लिहिले, ‘फाल्गुन वद्य द्वितीया. श्रीतुकोबारायांचे वैकुंठगमन, शके १५७१, सन १६४९.’ दुसरे दिवशी त्याखाली लिहिले, ‘फाल्गुन वद्य तृतीया. श्रीशिवछत्रपतींचा जन्म, शके १५५१, सन १६३०.’ एक वृद्ध माळकरी काठी टेकीत आले, फळा वाचला आणि म्हणाले, “बाबा, शकात वीस वर्षांचं अंतर अन् सनात एकोणीसच? मधलं एक वर्ष कुणी खाल्लं?” मी निरुत्तर झालो.

चूक कोठे झाली? शक बदलतो चैत्र शुद्ध प्रतिपदेला, सन बदलतो जानेवारीत. म्हणून चैत्रापासून पुढे शकात ७८ मिळवावे. माघ-फाल्गुनात ७९ मिळवावे. मार्गशीर्षाच्या अखेरीस व पौषात मात्र जानेवारी लागला की नाही ते पाहावे. फाल्गुन असून मी बीजेला ७८ मिळवले, तेथे वर्ष गेले. शके १५७१ च्या फाल्गुनात सन १६५० हाच येतो. काही ग्रंथांत १६४९ आढळतो. म्हणून सन उतरवून घेताना त्यासोबत शक आणि महिना पाहावाच.

दुसरी गोष्ट महिन्याची. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तर हिंदुस्थानात पौर्णिमेला. आपली फाल्गुन वद्य द्वितीया तिकडच्या पंचांगात चैत्र कृष्ण द्वितीया असते. हिंदी पुस्तकातून तिथी घेताना हे विसरलो, तर उत्सव एक महिना चुकेल.

तिसरी गोष्ट मतभेदाची. माउलींची समाधी कार्तिक वद्य त्रयोदशी, शके १२१८, म्हणजे सन १२९६. जन्मशक मात्र कोणी ११९७ मानतात, कोणी ११९३. अशा वेळी दोन्ही लिहावे. एक पुसून दुसरा ठेवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

चौथी गोष्ट परंपरेची. फाल्गुन वद्य षष्ठी ही पैठणची नाथषष्ठी. जनार्दनस्वामींचा जन्म, त्यांना झालेले दत्तदर्शन, गुरुशिष्यांची भेट, स्वामींची समाधी आणि नाथांची जलसमाधी, अशी पाच पर्वे संप्रदाय या एका तिथीला मानतो. ती फळ्यावर अवश्य लिहावी, पण ‘परंपरेने’ हा शब्द घालून.

अलीकडच्या घटना तारखेनेच द्याव्या. पंढरीचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण आरंभिले. ते १० मे रोजी सुटले. गाडगेबाबांचे देहावसान २० डिसेंबर १९५६ चे. तिथी दरसाल तारखेच्या मागेपुढे सरकते. म्हणून तिथीचे तिथीला, तारखेचे तारखेला. दोहोंची सरमिसळ केली की एकच पुण्यदिन फळ्यावर दोनदा येतो.

कोणी म्हणेल, भाव असला म्हणजे झाले, आकडा कशाला? भाव तर हवाच. पण आईची तिथी आपण अंदाजाने घालतो का? मग संतांचीच अंदाजाने का घालावी? त्यांच्या थोरवीला आपल्या चुकीच्या आकड्याचा टेकू लागत नाही.

सरावासाठी एक हिशोब करा. नामदेवरायांची समाधी आषाढ वद्य त्रयोदशी, शके १२७२. सन कोणता? आषाढ आहे, तेव्हा ७८ मिळवा, १३५० येईल.

त्या दिवशी मी १६४९ पुसून १६५० लिहिले. बुवांनी वीस वर्षांचा हिशोब बोटांवर पुन्हा केला, फळ्याला हात जोडले, आणि मग ते विठोबापुढे गेले.

रामकृष्णहरी!