ताणाच्या काळात माणसांचा आधार

पावसाने ओढ दिली की कोरडवाहू पीक काही दिवस तग धरते. ताण लांबला, तर संरक्षित पाणी द्यावेच लागते. माणसाचेही तसेच आहे. नापिकी, पडलेले भाव आणि कर्जफेड एकदम आली, की एकट्याने सोसणे कठीण जाते. सावड, इर्जिक या आपल्या जुन्या पद्धतींत जसे काम वाटून घेतले जाते, तशी अडचणही वाटून घ्यावी.

१) कर्जाचा खरा आकडा घरात सांगावा.

२) पीक बुडालेल्या शेजाऱ्याकडे आवर्जून जावे. उपदेश न करता ऐकून घ्यावे.

३) नुसता धीर न देता पेरणीला बैलजोडी, बँकेत सोबत असे नेमके काम अंगावर घ्यावे.

४) झोप उडणे, जेवण तुटणे, पारावर येणे बंद होणे याकडे दुर्लक्ष करू नये. जगणे नकोसे झाल्याची भाषा आल्यास त्या व्यक्तीस एकटे सोडू नये, घरातील कीटकनाशके हाती लागणार नाहीत अशी हलवावीत व डॉक्टरांकडे न्यावे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या 'टेलिमानस'च्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत सल्ला मिळतो. मराठीतूनही बोलता येते.

शेतकरी बंधू-भगिनींनो, हंगाम पुन्हा येतो; माणूस मात्र जपावा लागतो.