अत्तर आणि कापड : एकाच गाडीतले दोन माल

कोराडीच्या आमच्या दुकानात ठाणांच्या बाजूला अत्तराच्या शिश्यांची एक फळी वडिलांच्या काळापासून आहे. नवे गिऱ्हाईक कधी कधी विचारते, ‘शेठ, कापडवाल्याला अत्तराशी काय घेणे?’ प्रश्न रास्त आहे. पण हे दोन माल आम्ही एकत्र आणलेले नाहीत. आपल्या महाराष्ट्रात ते दोन हजार वर्षांपासून एकाच वाटेने चालत आले आहेत.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात मिसरमधील एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने समुद्री तिजारतीची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावाने ते पुस्तक ओळखले जाते. त्यात भडोच बंदराची जी हकीकत आहे ती प्रत्येक कापड व्यापाऱ्याने वाचावी अशी आहे. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर. पैठणहून अकीक जातीचे दगड आणि तगरहून साधे कापड व मलमल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जात असे. तेथे याच कापडाच्या शेजारी उत्तरेकडून आलेली जटामांसी, कोष्ठ आणि गुग्गुळ जहाजात चढत. उलट दिशेने काय येई? सुरम्याचा दगड, मनशीळ, शिलारस आणि खास राजासाठी उंची सुगंधी लेप. म्हणजे कापड जात होते आणि शृंगार येत होता.

या मालाचे गिऱ्हाईक फार जुने होते. मिसरची राणी हत्शेपसूत हिने इ.स.पूर्व पंधराव्या शतकात बोळ आणण्यासाठी पुंत देशाकडे जहाजे पाठवली होती. तेथील स्त्री-पुरुष दोघेही डोळ्यांत काजळ घालीत. ते शिशाच्या खनिजापासून बनत असे. (आजही सुरमा म्हणून बाजारात जे विकले जाते त्यात पुष्कळदा शिसेच निघते. लहान मुलांच्या डोळ्यांत ते घालू नये, हे आम्ही गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो, विक्री बुडाली तरी.) इराकच्या मातीच्या पाट्यांवर इ.स.पूर्व १२०० च्या सुमारास तप्पुती नावाच्या एका अत्तर बनवणाऱ्या बाईचे नाव कोरलेले सापडले आहे.

रोमचा प्लिनी हा लेखक तर चिडलेलाच दिसतो. हिंदुस्थान, चीन आणि अरबस्तान मिळून दरवर्षी दहा कोटी सेस्टर्स नाणी आमच्याकडून काढून नेतात, अशी त्याची तक्रार आहे. अलेक्झांड्रियात लोबान निवडणाऱ्या मजुरांच्या कंबरवस्त्राला मोहोर लावत, चेहऱ्यावर जाळी बांधत आणि सुटी होताना अंगावरचे सगळे कपडे उतरवून झडती घेत, असे तो लिहितो. जटामांसीत भेसळ होते हेही त्याने नोंदवले आहे. भेसळीचा हा रोग आम्हीही सोसला. एका ईदेच्या आठवड्यात ‘अस्सल चंदन’ म्हणून घेतलेली बाटली पांढऱ्या कापडावर सांडली. सुगंध दोन दिवसांत उडाला. पिवळा डाग मात्र राहिला. पूर्ण ठाण तुकड्यांच्या भावाने काढावे लागले.

त्या काळचे अत्तर आजच्यासारखे बहुधा भट्टीवर उतरवलेले नसे. तिळावर मोगऱ्यासारख्या फुलांचे थर द्यायचे, फुले कोमेजली की नवी घालायची आणि मग ते तीळ घाण्यात घालून तेल काढायचे. मेहनत फार, म्हणून किंमतही फार. अर्क उतरवण्याची विद्या पुढे फुलली. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीने त्यावर स्वतंत्र किताब लिहिली.

आपल्याकडे हा धंदा करणाऱ्याला ‘गंधिक’ म्हणत. कार्ल्याच्या लेण्यात एक छोटासा शिलालेख आहे. धेनुकाकट गावच्या सिंहदत्त नावाच्या गंधिकाने तेथील दरवाज्याचे दान दिले, एवढेच त्यात लिहिले आहे. ज्या लेण्यासाठी परदेशी यवनांनीही खांब दिले, तेथे एक अत्तरवाला दरवाजा देतो. त्याची पत काय असेल याचा हिशेब व्यापारी बंधूंनीच करावा. याच शब्दावरून ‘गांधी’ आडनाव आले आणि अरबीतून आलेले ‘अत्तार’ हेही त्याच धंद्याचे नाव.

१९३८ साली इटलीतील पॉम्पेई शहराच्या राखेत एक हस्तिदंती हिंदुस्थानी स्त्रीमूर्ती सापडली. ते शहर इ.स. ७९ मध्ये गाडले गेले होते. मूर्तीच्या दोन्ही बाजूंच्या दासींच्या हातांत शृंगाराची पात्रे आहेत. तशाच धाटणीच्या हस्तिदंती मूर्ती तेरला आणि भोकरदनलाही मिळाल्या. भोकरदनचे १९७३ चे उत्खनन आपल्या नागपूर विद्यापीठाने मराठवाडा विद्यापीठाबरोबर केले होते, हे नागपूरकरांपैकी किती जणांना ठाऊक आहे?

आणि सर्वांत मोलाची गोष्ट शेवटी सांगतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेतील प. कृ. गोडे यांनी अत्तरविद्येच्या एका जुन्या हस्तलिखिताचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात गंगाधराचा ‘गंधसार’ आहे आणि अज्ञात लेखकाचा ‘गंधवाद’ आहे. या गंधवादावर चक्क मराठीत टीका लिहिलेली आहे. १९८९ साली बडोद्याहून ते छापूनही आले. गंधसारात सुगंध तयार करण्याच्या सहा क्रिया दिल्या आहेत : भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन. म्हणजे चूर्ण रसात भिजवणे, शिजवणे, मंद झालेला वास जागा करणे, तो तीव्र करणे, धुरी देणे आणि फुलांत मुरवणे. आम्ही उर्दू शाळेत शिकलो, मराठी बाजारात शिकलो. अत्तराच्या पाककृती कोणी मराठीत समजावून लिहिल्या होत्या, हे आम्हाला पन्नाशी उलटल्यावर कळले.

शिश्या आज कनौजहून येतात. वाळा मात्र उन्हाळा लागला की इथे घरोघर दिसतो, कूलरच्या जाळीत. त्याच्या चार काड्या आम्ही रेशमी मालाच्या पेटीत टाकतो. वडील टाकत, म्हणून.