'तुझा पत्ता कुणाला ठाऊक होता?'

भटकंती थांबवून एका जागी राहायचं की नाही, या प्रश्नावर सल्ला द्यायला सगळे तयार असतात. वय बघ, गुडघे बघ, आईकडे बघ, उद्या पडलीस तर पाणी कोण देणार याचा विचार कर. हे मी वर्षानुवर्षं ऐकत आले, आणि ऐकवणाऱ्यांत माझा सख्खा भाऊ सगळ्यांत पुढे होता. 'ये ना परत, घर तुझंच आहे,' असं तो दर फोनला म्हणायचा. पुढे जे झालं ते मी इथे सविस्तर लिहिणार आहे. आमच्या नातेवाइकांना ते आवडणार नाही, पण गेले कित्येक महिने त्यांची बाजू मी गप्प बसून ऐकली आहे.

फिरणं म्हणजे उंडारणं नव्हे, हे आधी सांगते, कारण गावात माझ्याबद्दल तसंच बोललं जातं. माहितीपटांची उपशीर्षकं, पुस्तकांची मुद्रितं, भाषांतरं अशी कामं करत मी राहिले. काझा, मुन्सियारी, झिरो, गोकर्ण. जिथे खोली परवडली आणि नेट मिळालं तिथे. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचे पैसे प्रत्येक ठिकाणाहून वेळेवर गेलेत. बँकेच्या पासबुकात ते दिसतं.

थांबावंसं का वाटलं? पाठ दुखायला लागली हे एक. पण खरं कारण वेगळं होतं. माझी पुस्तकं चार मैत्रिणींच्या घरी खोक्यांत पडून होती. आणि मला लोणचं घालायचं होतं. कैरी आणायची, फोडी करायच्या, बरणीला दादरा बांधायचा आणि मुरेपर्यंत त्याच घरात असायचं. ज्यांना एका जागी राहायची सवय आहे त्यांना यात काही विशेष वाटणार नाही. पण सतत फिरणाऱ्या माणसाला असल्या एखाद्या गोष्टीची भूक लागते, तेव्हा तिच्याकडे लक्ष द्यावं. 'वय झालं' या कारणापेक्षा हे कारण जास्त भरवशाचं असतं.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावी, घराच्या खालच्या अंगाला व्हाळाजवळ बाबांचा मांगर आहे. चिऱ्याच्या भिंती, निम्मी कौलं बसलेली. आंब्याच्या दिवसांत बाबा राखणीला तिथेच झोपायचे. छप्पर नीट करायचं, एक न्हाणीघर काढायचं, एक पावसाळा तिथे राहून बघायचं, एवढाच माझा बेत होता. कुणाच्या माजघरात मला बिछाना नको होता. ग्रामपंचायतीत विचारलं, तर जागेचा उतारा आणा म्हणाले. म्हणून तलाठ्याकडे गेले. (आता त्या पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय, गावात अजून तलाठीच म्हणतात.)

सातबाऱ्यावर आईचं नाव होतं, दादाचं होतं. माझं नव्हतं.

तिथला मुलगा चांगला होता. त्याने पडदा माझ्याकडे वळवून दाखवला आणि म्हणाला, 'ताई, वारस नोंद तेव्हाच झाली आहे, फेरफाराची नक्कल काढून घ्या.' मी नक्कल मागितली, त्यामागच्या कागदांचीही मागितली. ती हातात पडायला बरेच दिवस गेले. त्यात दादाचं प्रतिज्ञापत्र होतं. मयताच्या पश्चात पत्नी आणि एक मुलगा यांखेरीज कोणीही वारस नाही, अशा अर्थाचा मजकूर. खाली त्याची सही. सहीच्या बाजूला तारीख.

ती तारीख मी बराच वेळ बघत बसले. बाबा गेले तेव्हा मी काझ्यात होते. तिथून रेकाँग पिओ, मग शिमला, दिल्ली, असं करत पोचेपर्यंत अग्नी दिलेला होता. हे मला आजही टोचतं, आणि दादा ते जाणूनबुजून टोचतो. पण त्यानंतर तेरावं होईपर्यंत मी घरातच होते. प्रतिज्ञापत्रावरची तारीख दहाव्याच्या आदल्या दिवसाची होती. तो दिवस मला लख्ख आठवतो. मी आणि आत्या माजघरात तांदूळ निवडत बसलो होतो. दादा 'दहाव्याचं सामान आणतो' म्हणून मोटरसायकल काढून तालुक्याला गेला. आला तेव्हा पिशवीत दर्भ होते, काळे तीळ होते, पत्रावळी होत्या. त्या सामानाचे पैसे मी दिले होते.

मी ते कागद घेऊन घरी आले. पडवीत दादा बसला होता. त्याचं पहिलं वाक्य तयार होतं, 'तुझा पत्ता कुणाला ठाऊक होता? नोटीस पाठवायची कुठे?' मी तारखेवर बोट ठेवलं. त्याने कागद हातात घेतला, उलटा करून मागची बाजू पाहिली, परत सरळ केला, आणि 'पंप चालू राहिलाय' म्हणून उठून गेला. पंप बंद होता. वहिनी दारातून म्हणाल्या, 'ताई, तुम्हीच म्हणायचात ना, मला काही नको?' म्हणायचे, खरं आहे. ते भांड्यांबद्दल म्हणायचे. वारस नोंदीच्या कागदांतल्या जबाबावर आईने सही केली आहे. त्यात काय लिहिलंय ते तिला वाचून दाखवलं नव्हतं, असं ती सांगते. माझा तिच्यावर विश्वास आहे.

संध्याकाळी दादा बोलला, पण भलतंच. 'तू थोडीच टिकणार आहेस इथे. चार महिने राहशील आणि चालू लागशील. मग जमीन कुणी बघायची?' मी याचं उत्तर त्याला दिलं ते इथेही देते. आमच्या वाडीतले निम्मे पुरुष मुंबईला असतात. परळला, डोंबिवलीला, विरारला. गणपतीला येतात, शिमग्याला येतात, पालखी नाचवतात आणि रात्रीच्या गाडीने परत जातात. काहींच्या दोन पिढ्या तिकडेच गेल्या. त्यांतल्या एकाचंही नाव सातबाऱ्यावरून कुणी वगळलेलं नाही. वगळायला जाईल त्याची काय गत होईल हेही सगळ्यांना माहीत आहे. चाकरमानी बाहेर असला तरी तो गावचा असतो, आणि मुलगी फिरतीवर असली की तिला पत्ता नसतो. हा हिशेब माझ्या भटकंतीचा नाही. मी मुंबईत एकाच खोलीत तीस वर्षं राहिले असते तरी दादाने हेच केलं असतं, फक्त निमित्त दुसरं सांगितलं असतं.

कायद्याचं थोडक्यात सांगते. बाप मृत्युपत्र न करता गेला तर मुलगी, मुलगा आणि बायको हे पहिल्या वर्गाचे वारस, आणि त्यांचा वाटा सारखा. हे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये दिला, त्यातही १९९४ च्या दुरुस्तीत आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. २००५ मध्ये बाप हयात असायला हवा होता का, हा घोळ सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात मिटवला: नसला तरी चालतो. आणि सातबारा हा मुळात महसुलाचा कागद आहे. त्यावर नाव नाही म्हणून मालकी जात नाही. पण ज्याचं नाव आहे तो विकायला मोकळा होतो आणि आपण कोर्टाच्या पायऱ्या चढत बसतो.

म्हणून फिरणाऱ्यांनी, परतायचं ठरण्याच्या कितीतरी आधी, हे करावं. महाभूमीच्या संकेतस्थळावर गावचा सातबारा फुकट दिसतो. डिजिटल सहीचा १५ रुपयांत मिळतो. तो वर्षातून एकदा काढाच. 'आपली चावडी' नावाचं पान आहे, त्यावर गावात कोणते फेरफार चालू आहेत ते घरबसल्या दिसतं. नोटीस निघाल्यापासून हरकतीला १५ दिवस असतात, आणि हरकत आली की प्रकरण वादग्रस्त म्हणून नोंदवावंच लागतं. नोंद मंजूर होऊन गेली असेल तर प्रांताकडे अपील, त्याची मुदत ६० दिवस. उशीर झाला तर विलंब माफीचा अर्ज जोडावा लागतो आणि नोंद आपल्याला कधी कळली ते दाखवावं लागतं. माझ्या बाबतीत नकलेच्या अर्जाची पोच तिथे कामी आली. कुठलाही अर्ज तोंडी करू नका, पोच घ्या.

आणखी दोन गोष्टी कुणी सांगत नाही. घर सातबाऱ्यावर शोधू नका, ते ग्रामपंचायतीच्या असेसमेंटला, म्हणजे नमुना ८ ला असतं. महसूल खात्याचा ८-अ वेगळा. घरपट्टी कुणाच्या नावाने फाटते ते बघा. दुसरं, बहिणींची नावं 'इतर हक्कात' लिहून बोळवण करण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे. 'तुझं नाव लावलंय' असं कुणी सांगितलं तर कुठल्या रकान्यात लावलंय ते विचारा. हक्कसोडपत्र समोर आलं तर सुतकात, लग्नात, गणपतीत सही करू नका. त्या दिवसांत नाही म्हणणारी वाईट ठरते, म्हणूनच ते कागद त्या दिवसांत येतात.

आता मूळ प्रश्न, राहायचं की नाही. माझं ठाम मत आहे की हे घर विकत घेऊन किंवा घर बांधून ठरवू नये, भाड्याने राहून ठरवावं, आणि ज्या भागात राहायचं तिथला सगळ्यात कठीण काळ आधी काढावा. कोकणात तो पावसाळा. ऑक्टोबरात येऊन हिरवाई बघून भुललेले पुष्कळ आहेत. जूनमध्ये आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरून या, आषाढात चार दिवस वीज नसताना काम करून बघा, पुस्तकांना बुरशी लागू द्या, व्हाळाला पाणी आलं की पलीकडचं दुकान किती लांब पडतं ते कळू द्या. स्पितीत राहावंसं वाटत असेल तर जुलै बघू नका, जानेवारी बघा.

मी तालुक्याच्या गावी खोली घेतली. घरमालकांनी आधी विचारलं, 'एकट्याच? मिस्टर?' मग, 'करार कशाला, आपण काय परके आहोत?' हे वाक्य ऐकलं की तिथेच थांबा. महाराष्ट्रात भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणं १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ ने सक्तीचं आहे, ११ महिन्यांचा असला तरी, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी आता ऑनलाइन होते. फिरणाऱ्या माणसाला त्या कागदाची गरज इतरांपेक्षा दुप्पट असते, कारण बँक, आधार, मतदारयादी, गॅस सगळं त्यावर उभं राहतं. तोवर तुमचा कायमचा पत्ता दुसऱ्याच्या घरचा असतो, आणि तुमची पत्रं तो फोडतो. माझी कुठली कुठली पत्रं फोडली गेली ते मला अजून कळलेलं नाही.

आरोग्य विमा थांबायचं ठरल्यावर घेऊ, असं ठरवू नका. आधीपासूनच्या दुखण्यांसाठी कंपन्या ३ वर्षांपर्यंत वाट बघायला लावू शकतात, तेव्हा ती वर्षं फिरतीतच सरू द्यावीत. थोडी शिल्लक ठेवा. तब्येत सांभाळा. आजारपणातून उठल्या उठल्या किंवा कुणाचं बोलणं जिव्हारी लागलं म्हणून निर्णय घेऊ नका. ज्या गावात जाल तिथे घरच्यांव्यतिरिक्त दोन तरी माणसं आपली असावीत. माझ्यासाठी एक शिक्षिका आणि एक मांडववाला उभे राहिले. सख्खे तेव्हा दाराआड होते.

आणि 'आता स्थिर हो' म्हणणाऱ्याला विचारा, कुठे? खोली कुठली, दार कुठलं, नाव कशावर? ज्याच्या मनात खरंच जागा असते तो बोट दाखवून सांगतो. माझ्या भावाने इतक्या वर्षांत एकदाही सांगितलं नाही, आणि त्याचं कारण मला त्या तारखेने सांगितलं.

माझा निर्णय झाला आहे. मी या भागात राहणार. खोलीत पुस्तकांची दोन खोकी आली आहेत, यंदा लोणचंही घातलं. कामासाठी बाहेर जावं लागलं तर जाईन आणि परत येईन, जसे वाडीतले पुरुष जातात-येतात. अपील प्रांताकडे आहे, वाटणीच्या दाव्याची तयारी वकील करत आहेत. आई आठवड्यातून एकदा एसटीने येते, दादाला न सांगता.

ज्यांची लेक फिरतीवर आहे अशा आईबापांना माझी हात जोडून विनंती आहे. हातीपायी धड आहात तोवर मृत्युपत्र करा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या, जमलं तर दुय्यम निबंधकाकडे नोंदवा, आणि एक प्रत तिच्या हातात द्या. भावाच्या कपाटात ठेवू नका.