‘बुटका’ म्हणू नका, उंची मोजा

तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातील गोष्ट. एक आई आपल्या अकरा वर्षांच्या मुलीला खोकल्यासाठी दवाखान्यात घेऊन आली. “आमची बुटकी सारखी आजारी असते,” असे ती सहज म्हणाली. मुलगी खाली मान घालून बसली होती. मी औषध लिहीत असताना आई पुढे म्हणाली, “एक मात्र बरं आहे डॉक्टर, दोन वर्षांपूर्वीचा गणवेश हिला अजून होतो. दर जूनला नवा घ्यावा लागत नाही.”

मी लिहिणे थांबवले आणि मुलीला भिंतीशी उभे करून मोजले. उंची भरली ११८ सेंटिमीटर. या वयाच्या बहुतेक मुली १३५ ते १४५ च्या आसपास असतात. मग चौकशी केली. चार-चार दिवस शौचाला होत नाही, पंखा लावला की थंडी वाजते, वर्गात पेंगते, त्वचा कोरडी पडली आहे. रक्ताची तपासणी केली, तेव्हा थायरॉईड ग्रंथी जवळजवळ काम करीत नसल्याचे दिसले. रोज सकाळी उपाशीपोटी एक छोटी गोळी सुरू केली. तिचा खर्च दिवसाच्या एका चहाहूनही कमी. पहिल्याच वर्षात मुलगी ९ सेंटिमीटर वाढली. मागे राहिलेली सगळी उंची भरून येईल असे आश्वासन मी आईला दिलेले नाही, कारण मधली दोन-तीन वर्षे हातची गेली होती.

ती वर्षे का गेली? घरात तिला एक नाव मिळाले होते म्हणून. ‘बुटकी’ म्हटले की प्रश्न संपला, असे सर्वांना वाटत होते. म्हणून आज या एका शब्दाचाच विचार करू.

एक शब्द, अनेक अर्थ

आपल्या भाषेत या अर्थाचे शब्द पुष्कळ आहेत. बुटका, ठेंगणा, ठेंगू, गिड्डा, खुजा, वामन. चिडवायचे असेल तर बुटबैंगण. या सर्वांचे वजन मात्र सारखे नाही. ‘ठेंगणीठुसकी’ म्हणताना थोडे कौतुक असते. ‘खुजा’ हा शब्द तर आपण शरीरापेक्षा कर्तृत्वासाठीच जास्त वापरतो. खुजे नेतृत्व, खुजे विचार असे म्हणतो. म्हणजे उंची कमी ती योग्यताही कमी, असा निवाडा आपण बोलण्याच्या ओघात देऊन टाकतो. गंमत अशी, की त्याच भाषेत ‘मूर्ती लहान पण कीर्ती महान’ अशी म्हणही आहे. भाद्रपद शुद्ध द्वादशीला आपण ज्याची जयंती साजरी करतो, तो विष्णूचा पाचवा अवतार वामनच आहे. तीन पावलांत त्याने त्रैलोक्य व्यापले अशी कथा आहे.

शेतकऱ्याच्या तोंडी तर ‘बुटका’ ही शिफारस आहे. जुना देशी गहू उंच वाढे. त्याला खत जास्त दिले की ओंबीच्या भाराने तो लोळे आणि पीक हातचे जाई. १९६० नंतरच्या दशकात मेक्सिकोहून बुटक्या गव्हाचे बियाणे आपल्या देशात आले. त्याच्या पैदाशीत जपानमधील ‘नोरिन-१०’ या गव्हाचा गुण होता. त्या गुणामुळे वनस्पतीतील वाढीच्या रसायनाला झाड फारशी दाद देत नाही. ताट आखूड राहते, लोळत नाही आणि बळ दाण्यात जाते. हे काम करणारे शास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग यांना १९७० साली शांततेचे नोबेल मिळाले. खानदेशातील केळी उत्पादकांना परिचित असलेली बसराई ही बुटकीच जात, वादळात उंच केळीपेक्षा चांगली टिकणारी. कोकणातील बागायतदार ठेंगू नारळ लावतो, कारण तो उंच जातीपेक्षा लवकर धरतो.

आकाशातही हा शब्द पोहोचला आहे. प्लूटोला २००६ साली ग्रहांच्या यादीतून काढून ‘बटू ग्रह’ ठरवण्यात आले. बटू म्हणजे खरे तर मुंजा मुलगा. वामनाचे रूप बटूचे, म्हणून तो शब्द खगोलशास्त्राला चपखल बसला. आपला सूर्य ज्याच्या पोटात पृथ्वीसारखे सुमारे तेरा लाख गोळे मावतील, त्यालाही ताऱ्यांच्या वर्गवारीत ‘पिवळा बटू’ म्हणतात.

सांगावयाचे एवढेच, की बुटका हा शब्द नेहमी कशाच्या तरी तुलनेत असतो. कशाच्या तुलनेत आणि कोणत्या कारणाने, हे कळल्याखेरीज त्याला अर्थ नाही. गव्हाच्या बाबतीत हे शेतकऱ्याला कळते. मुलाच्या बाबतीत मात्र आपण विचारत नाही.

डॉक्टरांच्या दृष्टीने बुटकेपणा

कमी उंचीच्या मुलांमागे मुख्यतः पुढील कारणे आढळतात.

१) घराण्याची उंची. आईवडील ठेंगणे असतील तर मूलही ठेंगणे असणे स्वाभाविक आहे. हा आजार नव्हे. घरी करता येण्याजोगा एक हिशेब सांगतो. आईवडिलांच्या उंचीची बेरीज करा. मुलगा असेल तर त्यात १३ मिळवा, मुलगी असेल तर १३ वजा करा आणि उत्तराला २ ने भागा. वडील १६५ व आई १५० सेंटिमीटर असेल, तर मुलाची अपेक्षित उंची १६४ आणि मुलीची १५१ येते. सात-आठ सेंटिमीटर इकडे-तिकडे धरावे. मूल या अंदाजाच्या फार खाली चालले असेल, तर ‘आमच्या घराण्यातच आहे’ हे उत्तर पुरेसे नाही.

२) उशिरा वाढणारी मुले. वडील दहावीनंतर वाढले, मुलगाही तसाच, असे दिसते. अशा मुलांना मिसरूड उशिरा फुटते, पण शेवटी उंची बहुधा ठीक येते. मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचे वय कळते आणि वाढीला किती वाव आहे याचा अंदाज बांधता येतो.

३) कुपोषणाचा खुजेपणा. आपल्या देशात हा फार मोठा गट आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील दर शंभर बालकांपैकी सुमारे ३५ बालके वयाच्या मानाने खुजी होती. याची सुरुवात आईच्या पोटातच होते. गर्भारपण आणि पहिली दोन वर्षे मिळून हजार दिवस हा महत्त्वाचा काळ. आईचा पांडुरोग, बाळाला उशिरा सुरू केलेला वरचा आहार, वारंवार होणारे जुलाब ही नेहमीची कारणे. हे मूल हडकुळे दिसेलच असे नाही. ते प्रमाणशीर पण लहान दिसते, म्हणूनच नजरेतून सुटते.

४) ग्रंथींचे विकार. थायरॉईडचे उदाहरण वर आलेच. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. तिच्यातून वाढीचे संप्रेरक कमी पडले तर मूल वर्षाला जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर वाढते. पूर्वी हे संप्रेरक मृत माणसांच्या ग्रंथींतून काढीत. त्यातून मेंदूचा घातक रोग पसरल्याचे लक्षात आल्यावर १९८५ साली ते अमेरिकेत बंद झाले व प्रयोगशाळेत बनवलेले संप्रेरक आले. ही इंजेक्शने सहसा रोज, काही वर्षे घ्यावी लागतात व ती महाग आहेत. ठराविक कारणांतच ती उपयोगी पडतात, म्हणून निर्णय तज्ज्ञानेच घ्यावा.

५) दीर्घ आजार. मूत्रपिंडाचा वा हृदयाचा विकार, सिकलसेल, थॅलेसेमिया, गव्हाची ॲलर्जी म्हणून ओळखला जाणारा सिलिॲक आजार यांतही वाढ खुंटते. कधी कधी कमी उंची हेच पहिले लक्षण असते.

६) मुलींमधील टर्नर सिंड्रोम. सुमारे दोन ते अडीच हजार मुलींत एकीला हा गुणसूत्राचा दोष असतो. उंची कमी राहते आणि पाळी आपोआप सुरू होत नाही. अशा मुलीला लग्न ठरताना वा पाळीची वाट पाहून सोळाव्या वर्षी दाखवण्यापेक्षा सातव्या-आठव्या वर्षी दाखवले, तर पुष्कळ करता येते.

७) हाडांच्या वाढीचा जन्मजात दोष. यातील नेहमी आढळणारा प्रकार म्हणजे अकॉन्ड्रोप्लासिया. धड साधारण, हातपाय आखूड, कपाळ पुढे आलेले. दर दहापैकी आठ वेळा आईवडील दोघेही सर्वसाधारण उंचीचे असतात. एका जनुकात नव्याने झालेला बदल हे त्याचे कारण आहे. १९९४ साली तो जनुक सापडला. त्यात आईचा दोष नाही, ग्रहणाचा नाही, कुणाच्या नजरेचाही नाही. प्रौढपणी पुरुषांची उंची सरासरी १३१ सेंटिमीटरच्या आसपास राहते. बुद्धी सर्वांसारखीच असते.

या शेवटच्या गटाबद्दल

माझ्याकडे येणारे असे एक गृहस्थ आहेत. बाजारात त्यांचे स्टेशनरीचे दुकान आहे, दोन मुले शिकताहेत. एकदा पाय बधिर होतात म्हणून आले. या मंडळींत पाठीच्या कण्यातील जागा अरुंद असते, त्यामुळे मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. त्यांना वेळीच शस्त्रक्रियेसाठी पाठवले. जाताना ते म्हणाले, “डॉक्टर, पायाचं मी चार महिने अंगावर काढलं. दवाखान्यात आलो की बाकावरची पोरं हसतात, म्हणून येत नव्हतो.” माझ्याच दवाखान्यातील बाकाबद्दल ते बोलत होते. तेव्हापासून मी पेशंटना नावाने हाक मारण्याबाबत कंपाउंडरला आणि स्वतःलाही शिस्त लावली आहे.

अशा बाळांना फार लवकर आधाराविना बसवू नये. घोरणे, कान वाहणे आणि वाढते वजन यांकडे लक्ष ठेवावे. स्त्रियांची प्रसूती मोठ्या रुग्णालयातच व्हावी, कारण बहुधा सिझेरियन लागते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारच्या अपंगत्वांत याचा समावेश आहे. वैद्यकीय किंवा आनुवंशिक कारणाने प्रौढ व्यक्तीची उंची ४ फूट १० इंच, म्हणजे १४७ सेंटिमीटर किंवा त्याहून कमी राहिली, तर ती व्यक्ती त्यात येते. प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी.

माझ्या हातून झालेली चूक

दुसऱ्यांना उपदेश करण्यापूर्वी स्वतःचे सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका बापाने मला विचारले होते, “पोरगा बारा वर्षांचा झाला, वाढत नाही. काही औषध?” दवाखान्यात गर्दी होती. मी मुलाकडे नुसते पाहिले आणि म्हणालो, “वाढेल हो, मुलं उशिरा वाढतात.” मोजले नाही. तो मुलगा पुन्हा माझ्याकडे आला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. पोलीस भरतीत उंचीलाच बाद झाला होता. मनगटाचा एक्स-रे काढला, तर हाडांची वाढणारी टोके जुळून गेली होती. एकदा ती जुळली की कोणतेही औषध, इंजेक्शन वा व्यायाम उंची वाढवू शकत नाही. त्याचे कारण काय होते, ते बाराव्या वर्षी सापडले असते की नाही हे मी आज सांगू शकत नाही. पण टेप माझ्या टेबलाच्या खणात होता आणि मी तो काढला नाही, एवढे खरे.

पालकांनी काय करावे?

वर्षातून दोनदा, एकदा वाढदिवसाला आणि एकदा सहा महिन्यांनी, मुलाची उंची मोजावी. चपला काढून, टाचा, नितंब व पाठ भिंतीला टेकवून, नजर समोर ठेवून उभे करावे. डोक्यावर जाड पुस्तक आडवे धरून खूण करावी आणि तारखेसह वहीत लिहावे.

जन्मतः बाळ सुमारे ५० सेंटिमीटर असते, वर्षाचे झाल्यावर ७५ आणि चौथ्या वर्षी १०० च्या आसपास. त्यानंतर वयात येईपर्यंत मूल वर्षाला ५ ते ६ सेंटिमीटर वाढते. वर्षात ५ पेक्षा कमी वाढ झाली, कपडे-चपला दोन वर्षे तशाच होऊ लागल्या, धाकटे भावंड पुढे गेले, मुलीला तेराव्या वर्षापर्यंत वा मुलाला चौदाव्यापर्यंत वयात येण्याची काहीच चिन्हे दिसली नाहीत, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. जाताना ती वही बरोबर न्यावी. एका दिवसाच्या उंचीपेक्षा दोन वर्षांच्या नोंदी आम्हाला जास्त सांगतात.

उंची वाढवण्याच्या जाहिरातीतील पावडरी व गोळ्या यांवर पैसे घालवू नयेत. लोंबकळल्याने खांदे मजबूत होतील, हाडे लांब होणार नाहीत. तेच पैसे अंडी, दूध, डाळ, शेंगदाणे यांवर खर्च करावेत. पोरांना पुरेशी झोप आणि खेळ मिळू द्यावा.

शिक्षकांनाही विनंती आहे. वर्गात ‘ए बुटक्या’ अशी हाक ऐकू आली तर ती तिथेच थांबवा, आणि त्या मुलाची मागील वर्षाची उंची हजेरीपत्रकात वा आरोग्य कार्डावर असेल तर एकदा पाहा. वर सांगितलेल्या मुलीची आई आता तिला तिच्या नावाने हाक मारते. या जूनला गणवेश नवा घ्यावा लागला, असे तिने मुद्दाम येऊन सांगितले.