जर्मन घरातली दिवाळी, आणि मग डिसेंबर

जर्मनीत ओ-पेअर म्हणून, म्हणजे एखाद्या कुटुंबात राहून त्यांची मुलं सांभाळायला गेलेल्या मुलीला घरचे लोक कधी ना कधी म्हणतातच, तुमचा एखादा सण आम्हाला दाखव ना. आणि इथेच गाडी रुळावरून घसरते. मुलगी साडी नेसते, मोबाइलवर गाणी लावते, सकाळपासून एकटी रांधते आणि घरची माणसं सोफ्यावर बसून टाळ्या वाजवतात. दिवाळीचं शाळेतलं स्नेहसंमेलन होऊन जातं. सणातलं काम दुसऱ्याच्या हातात दिलं तरच सण त्याचा होतो. आणि त्यांचा सण आला की त्यातलं एखादं काम आपण मागून घ्यायचं. खालची कृती या हिशेबाने लिहिली आहे. बेत 2026 सालच्या तारखांवर बांधला आहे.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच स्वयंपाकघरातल्या कौटुंबिक कॅलेंडरवर दोन तारखा लिहून घ्याव्यात. लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला, रविवारी. भाऊबीज 11 नोव्हेंबरला, बुधवारी. जर्मन घरात कॅलेंडरवर नसलेली गोष्ट घडत नाही, आणि आदल्या आठवड्यात सांगितलेली गोष्ट आगाऊपणाची वाटते. लिहिताना वेळही लिहावी: संध्याकाळी पाच ते सात. लहान मुलं साडेसात-आठला झोपतात. तिथे नोव्हेंबरात पाच वाजता अंधार पडलेला असतो, त्यामुळे पणत्यांसाठी रात्रीपर्यंत थांबावं लागत नाही.

तारखा लिहितानाच कामाच्या तासांचंही बोलून घ्यावं. ओ-पेअरचं काम आठवड्याला तीस तास आणि दिवसाला सहा तास, याहून जास्त नसावं असा तिथला नियम आहे. मुलांना घेऊन दुपारी लाडू वळले तर ते त्या तासांत धरायचे की नाही? माझ्या मते धरायचे, कारण तेवढा वेळ मुलं तुमच्याकडे असतात. संध्याकाळी पूजेला बसलात की मात्र तुम्ही घरातल्या एक. नाताळच्या आदल्या दिवशी, चोवीस डिसेंबरलाही हाच हिशेब. संकोचापोटी हे न बोलणाऱ्या मुली सणाच्या दिवशी भांडी घासत मनातल्या मनात कुढतात.

बॅग भरताना

युरोपीय संघात बाहेरच्या देशातून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे घरचं तूप, पेढे, खव्याची बर्फी बॅगेत नको. तुपातले लाडू नेण्याची जोखीमही आईच्या कितीही आग्रहाखातर घेऊ नये. विड्याची पानं, ताजा कढीपत्ता, झेंडूची फुलं यांना वनस्पती-तपासणीचा दाखला लागतो, तेव्हा तीही घरीच राहू द्यावीत. न्यायचं ते एवढंच: मातीच्या आठ-दहा पणत्या मोज्यांत गुंडाळून, रांगोळीची दोन-तीन पाकिटं, थोडे वेलदोडे, उटण्याचं एक पाकीट. उटणं स्वतःपुरतं. आईबापांना विचारल्याशिवाय ते मुलांच्या अंगाला लावू नये.

सोऱ्या नेऊ नये असं मी म्हणेन. चकली म्हणजे तापलेलं तेल, धूर आणि ओट्याभोवती उड्या मारणारी मुलं. पहिल्या वर्षी लाडू पुरेत.

लाडू

खरेदी शनिवारी, 7 तारखेला संपवावी. रविवारी तिथली दुकानं बंद असतात. बेसन आशियाई दुकानात मिळतं. तुपाच्या जागी सुपरमार्केटमधलं ‘बुटरश्माल्ट्स’ घ्यावं. ते कढवलेलं लोणीच असतं. पिठीसाखर ‘पुडरत्सुकर’ या नावाने मिळते. प्रमाण असं: बेसन 500 ग्रॅम, बुटरश्माल्ट्स 250 ग्रॅम, पिठीसाखर 400 ग्रॅम, आठ-दहा वेलदोड्यांची पूड, मूठभर बेदाणे. तिथलं बेसन बहुधा बारीक दळलेलं असतं आणि लाडू टाळूला चिकटतो. म्हणून दोन मोठे चमचे बारीक रवा त्यात भाजताना घालावा. काजू-बदाम घालण्याआधी कुणाला सुक्यामेव्याची ॲलर्जी आहे का ते विचारावं, आणि लाडू शेजाऱ्यांकडे जाणार असतील तर सरळ वगळावेत.

भाजण्याचं काम सकाळी, मुलं आसपास नसताना उरकावं. जाड बुडाच्या भांड्यात तूप वितळवून बेसन आणि रवा घालावा आणि मंद आचेवर अर्धा तास न थांबता हलवत राहावं. काचेच्या वीजशेगडीची गोम अशी की बटण कमी केलं तरी प्लेट बराच वेळ तापलेलीच राहते. गॅसची सवय असलेली मुलगी आच कमी करते आणि निर्धास्त होते, तेवढ्यात बेसन तळाला लागतं. रंग पालटायला लागला की भांडंच उचलून बाजूला ठेवावं. खमंग वास सुटला आणि बेसन सैल पडलं की एक चमचा दुधाचा हबका मारावा. ते फसफसून वर येतं, तेव्हा हात दूर ठेवावा. मग भांडं झाकण न ठेवता कोमट होऊ द्यावं. गरम असताना साखर घातली तर ती विरघळते आणि मिश्रण पातळ होतं.

दुपारी मुलांना बोलवावं. साखर आणि वेलदोड्याची पूड मिसळून मळायचं काम थोरल्याला, प्रत्येक लाडवावर एक बेदाणा टोचायचं काम धाकट्याला. वेलदोडा त्यांना परका नसतो, लेबकुखन या नाताळच्या बिस्किटांच्या मसाल्यात तो असतोच. लाडू वाकडे होतील. तुम्ही मागून ते गोल करत बसू नका. मुलाला आपला लाडू ओळखता आला पाहिजे. लहान आकाराचे पस्तीस-चाळीस होतात. त्यातले चार-चार बशीत घालून मुलांच्याच हाती शेजारी पाठवावेत.

लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ

रांगोळी इमारतीच्या जिन्यात काढू नये. जिना सगळ्यांचा असतो आणि तो पुसायची पाळी एखाद्या शेजाऱ्याची असते. बाल्कनीत किंवा मोठ्या ट्रेमध्ये काढावी. पणत्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवाव्यात, पडदे बाजूला बांधून. झोपायच्या खोल्यांत आणि बाहेर पडायच्या पॅसेजमध्ये धूरसूचक यंत्र सक्तीचं असतं, तेव्हा उदबत्ती एकच, आणि तीही त्याच्या खाली नको.

फटाके नाहीत. मोठे फटाके उडवायला सामान्य माणसाला तिथे 31 डिसेंबर आणि 1 जानेवारी एवढीच मुभा असते. फुलबाज्या मात्र बारा वर्षांवरच्यांना वर्षभर चालतात. त्यांना ‘वुंडरकेर्त्सन’ म्हणतात. बागेत, पाण्याची बादली शेजारी ठेवून पेटवाव्यात.

पूजा तुम्ही घरी करता तशीच करावी, दहा मिनिटांत. मुलं विचारतील, हे कशासाठी? ए-वन, म्हणजे अगदी सुरुवातीच्या पातळीच्या जर्मनमध्ये राम वनवासातून परत आणायला जाऊ नये, तो वाटेतच अडकतो. ‘आज आम्ही दिवे लावतो आणि वर्ष चांगलं जावं असं लक्ष्मीला म्हणतो’, एवढं पुरे. बाकीचं मुलं पुढच्या महिनाभरात जेवताना विचारत राहतात. मुलांचे फोटो आईबापांना विचारल्याशिवाय स्टेटसवर टाकू नयेत. या बाबतीत जर्मन घरं फार काटेकोर असतात.

भाऊबीज आणि मार्टिन

2026 ची गंमत अशी की 11 नोव्हेंबर हाच झांक्ट मार्टिनचा दिवस. थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्यासाठी ज्याने आपला झगा तलवारीने अर्धा कापून दिला, तो हा संत. त्या सुमारास संध्याकाळी बालवाडीतली मुलं कागदी कंदील, म्हणजे ‘लाटेर्न’, काठीला अडकवून गाणी म्हणत रस्त्याने फिरतात. पुष्कळ ठिकाणी पुढे घोड्यावर मार्टिन असतो. हे कंदील ऑक्टोबरअखेरीपासूनच मुलं बनवायला घेतात. बालवाडीत ते कधी होणार हे मुलांच्या आईला विचारून ठेवावं आणि त्याच आठवड्यात त्याच पारदर्शक रंगीत कागदाचा आकाशकंदील घरी मुलांबरोबर करावा. आत बॅटरीवरचा दिवा. आयता घडीचा कंदील भारतातून नेण्यापेक्षा हा शतपटीने बरा, कारण लाटेर्न करणाऱ्या मुलाला आकाशकंदील समजावून सांगावा लागत नाही.

घरात बहीण-भाऊ असतील तर लाटेर्न घेऊन बाहेर पडण्याआधी बहिणीकडून भावाला ओवाळून घ्यावं. भावाच्या खिशात एक लहानशी भेट आधीच ठेवून द्यावी, नाहीतर तिथे रडारड ठरलेली.

आता त्यांची पाळी

29 नोव्हेंबरला पहिला आडव्हेंट, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांतला पहिला. टेबलावर चार मेणबत्त्यांचं हिरवं चक्र येतं आणि दर रविवारी एक-एक मेणबत्ती वाढत जाते. या रीतीची सुरुवात हॅम्बुर्गच्या योहान हिनरिश विशर्न या धर्मशास्त्रज्ञाने 1839 मध्ये निराधार मुलांसाठी केली. नाताळ कधी, कधी, म्हणून मुलं त्याला भंडावून सोडत. चक्राला फांद्या बांधायचं काम मागून घ्यावं.

5 डिसेंबरच्या रात्री मुलं बूट घासून दाराशी ठेवतात, सकाळी संत निकोलाउस त्यात खाऊ भरून गेलेला असतो. आपलेही बूट ठेवावेत. लाजू नये.

एक गोष्ट मुलांशी बोलण्याआधी आईबापांना विचारावी: या घरी भेटी कोण आणतं? दक्षिणेत आणि पश्चिमेत बहुधा बाळयेशू, म्हणजे क्रिस्टकिंड. उत्तरेत आणि पूर्वेत वाइनाख्ट्समान, पांढऱ्या दाढीचा. चुकीचं नाव घेतलंत तर मूल बुचकळ्यात पडतं, आणि ‘भेटी तर आईच आणते ना’ असं बोलून गेलात तर वर्षभर ऐकून घ्यावं लागेल.

शाकाहारी असाल तर तेही पहिल्या आडव्हेंटलाच सांगावं. चोवीस तारखेच्या रात्री पुष्कळ घरांत बटाट्याचं सॅलड आणि सॉसेज असतं. सॅलड आपलंच म्हणून निर्धास्त राहू नये. दक्षिणेकडे ते बरेचदा मांसाच्या रश्शात कालवतात. सॅलड करायचं कामच आपल्याकडे घ्यावं आणि भाजीचा रस्सा वापरावा. भेटी लहान द्याव्यात. महिन्याचा हातखर्च 280 युरो आहे हे घरच्यांना ठाऊक असतं, महागडी वस्तू पाहून ते अवघडतात. आजी-आजोबा येतील, त्यांना ‘डू’ (तू) म्हणायचं की ‘झी’ (आपण), हे आदल्या दिवशी विचारून ठेवावं.

चोवीसला घरी फोन दुपारी तीनला करावा, तेव्हा महाराष्ट्रात साडेसात वाजलेले असतात. भेटी उघडायच्या वेळी मोबाइल खोलीत ठेवावा. आणि दूध, दही, कांदे 23 लाच आणून ठेवावेत. 24 ला दुपारी दुकानं बंद होतात, 25 आणि 26 सुट्टी, 27 ला रविवार. ती थेट सोमवारी 28 ला उघडतात.